माकडहाडाजवळचं गळू: पायलोनिडल सायनस ओळखायचा कसा, टाळायचा कसा

दोन नितंबांमधली घळ जिथे सुरू होते, त्या जागी एक गळू येतं. दुखतं, फुटतं, थोडी लस वाहते आणि बसतं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. घरी सांगायची लाज वाटते, औषधाच्या दुकानातून मूळव्याधीचं मलम आणलं जातं आणि बघता बघता वर्ष निघून जातं. या जागी वारंवार येणारं गळू बहुधा मूळव्याधही नसतं आणि भगंदरही नसतं. तो पायलोनिडल सायनस असतो. यात कातडीखाली शिरलेल्या केसांभोवती एक पोकळी तयार होते आणि तिच्यातून बाहेर येणारी एक बारीक वाट असते.

हा मुख्यतः १५ ते ३५ या वयाचा आजार आहे. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो बराच जास्त आढळतो आणि चाळिशीनंतर तो नव्याने क्वचितच सुरू होतो. दाट, राठ केस, खोल घळ, जास्त वजन, घरात आणखी कोणाला झालेला असणं आणि तासन् तास बसून काम या गोष्टींनी शक्यता वाढते. घाणेरडं राहिल्यामुळे तो होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यांनाही तो होतो, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

केस आत शिरतो कसा

एक लांब केस अंगठा आणि तर्जनीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेत मागेपुढे चोळा. केस जागेवर राहत नाही, मुळाच्या बाजूला सरकत जातो. कितीही वेळा चोळा, दिशा तीच. कारण केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. मुळाच्या दिशेने केस गुळगुळीत जातो, उलट ओढला की अडतो. माळरानावरून चालून आल्यावर पायजम्यात शिरलेलं कुसळ जसं पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही, तसंच हे आहे.

आता हा केस नितंबांच्या घळीत पडला असं समजा. चालताना दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात. बसलं की मधल्या रेषेतली कातडी ताणली जाते आणि तिथली केसमुळांची छिद्रं रुंदावतात. घामाने कातडी ओली आणि मऊ झालेली असते. अशा वेळी सुटा केस एखाद्या छिद्रात उभा राहतो आणि प्रत्येक हालचालीसरशी थोडा थोडा आत जातो. एक गेला की त्याच वाटेने दुसरा, तिसरा. शरीर त्यांना परका पदार्थ समजून भोवती दाह निर्माण करतं, जंतू शिरले की पू होतो. तो पू मधल्या रेषेतून बाहेर येऊ शकला नाही, तर बाजूला किंवा वरच्या अंगाला दुसरं तोंड फोडतो.

म्हणजे सायनसमधले केस तिथे उगवलेले नसतात. पोकळीच्या भिंतीत केसांची मुळं नसतात, केस आत सुटे पडलेले असतात. शिवाय बऱ्याचदा ते त्या जागचेही नसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात सायनसमधून काढलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात मूळ नसलेले, टोकदार कापले गेलेले आखूड तुकडे मोठ्या संख्येने होते आणि ते डोक्यावरच्या केसांशी जुळणारे होते. केस कापल्यावर कॉलरमधून पाठीवर घसरतात, तेच हे तुकडे. टाळण्याचा अर्धा उपाय या एका माहितीत आहे.

वैद्यकाला हे उमगायला बराच काळ लागला. हर्बर्ट मेयो या इंग्लिश शल्यविशारदाने १८३३ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. 'केसाचं घरटं' अशा अर्थाचं लॅटिन नाव अमेरिकेतल्या हॉजेस यांनी १८८० मध्ये दिलं. तो जन्मजात दोष आहे, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. मग दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीपमधून फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांमध्ये त्याचं एवढं प्रमाण दिसलं, की १९४४ मध्ये त्याला 'जीपचा रोग' म्हटलं गेलं. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये एका न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात हुबेहूब असाच सायनस सापडला, आत गिऱ्हाइकांचे केस. बोटांच्या बेचक्यात जन्मजात दोष कुठून येणार? केस बाहेरून शिरतो, हे तिथून पटत गेलं. आजही केशकर्तन करणारे, दूध काढणारे आणि लोकर कातरणारे यांच्या बोटांमध्ये हा प्रकार होऊ शकतो. या कामात असाल तर दिवसातून दोन-तीनदा बोटांची बेचकी धुऊन, शिरलेले तुकडे चिमट्याने काढून टाका.

ग्रीक लष्करातले सर्जन कॅरिडाकिस यांनी हजारो सैनिकांवर उपचार करून तीन घटक सांगितले: शिरणारा केस, त्याला ढकलणारा दाब आणि शिरू देणारी कमकुवत कातडी. पुढची सगळी काळजी या तिघांपैकी कशाचा तरी बंदोबस्त करण्यासाठी आहे.

स्वतःची तपासणी

दिवसाउजेडी किंवा भक्कम दिव्याखाली, आरशाकडे पाठ करून किंचित वाका. दोन्ही हातांनी नितंब बाजूला करा. ते जमत नसेल तर घरातल्या विश्वासू माणसाला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटोचा आणखी एक फायदा म्हणजे महिन्याभराने तुलना करता येते.

पाहायची जागा गुदद्वाराच्या काठाला नाही, गुदद्वाराच्या ४ ते ८ सेंटिमीटर वर आहे. बरोबर मधल्या रेषेत सुईच्या टोकाएवढं किंवा मोहरीच्या दाण्याएवढं छिद्र दिसतंय का बघा. ते काळ्या ठिपक्यासारखं दिसतं, एकापेक्षा जास्त असू शकतं आणि कधी त्यातून केसाचं टोक डोकावतं. मग मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटाने हलकेच दाबत वर जा. कातडीखाली टणक दोरी किंवा गाठ लागते का, दाबल्यावर छिद्रातून लस येते का, हे तपासा. अंतर्वस्त्राच्या मागच्या भागात, शिवणीच्या वरच्या बाजूला पिवळसर, गुलाबी किंवा तपकिरी डाग वरचेवर पडत असेल, तर दुखत नसलं तरी तो याच आजाराचा डाग असू शकतो.

मूळव्याधीचं रक्त शौचाच्या वेळी येतं आणि त्रास गुदद्वाराशीच असतो. भगंदराचं बाहेरचं तोंड बहुधा गुदद्वाराच्या जवळ असतं आणि मधल्या रेषेत वर छिद्रं नसतात. काखेत आणि जांघेतही अशीच गळवं येत असतील तर तो वेगळा आजार आहे, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. एकच गळू आलं आणि कायमचं गेलं, तर ते साधं केसतोडही असेल. खात्री होत नसेल तर जनरल सर्जनला दाखवा. तपासणी पाच मिनिटांची असते, नुसत्या डोळ्यांनी निदान होतं. एमआरआय फक्त भगंदराची शंका असेल किंवा आधीची शस्त्रक्रिया फसली असेल तेव्हाच लागतो.

छिद्रं दिसली पण दुखत नाही, वाहत नाही, तर शस्त्रक्रियेची गरज नाही. अशा वेळी खाली दिलेली काळजीच उपचार म्हणून पुरते.

रोजची पाच मिनिटं आणि केस कापायचा दिवस

आंघोळीच्या शेवटी, डोक्यावरून घेतलेलं पाणी वाहून गेल्यानंतर, घळ उघडून हाताने सौम्य साबण लावा. घासणी किंवा काथ्या वापरू नका, खरवडलेली कातडी केसाला वाट देते. मग तांब्याने किंवा हँडशॉवरने अर्धा मिनिट वरून खाली पाणी सोडा, म्हणजे अडकलेले केस निघून जातात. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खालचा भाग धुतला आणि मग डोकं, तर डोक्यावरचे गळालेले केस पुन्हा तिथेच येऊन थांबतात.

डोकं पुसलेला टॉवेल खाली वापरू नका. केस गळण्याच्या काळात टॉवेलवर किती केस असतात, ते उजेडात धरून बघा. वेगळं मऊ सुती फडकं ठेवा, टिपून कोरडं करा, रगडू नका. टाल्कम पावडर टाळा. घामात तिच्या गुठळ्या होतात आणि केस त्यांना चिकटतो. तेलाचंही तसंच. पावसाळ्यात ओली पँट घालून ऑफिसात दिवसभर बसणं त्या कातडीला फार जड जातं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बॅगेत एक जादा अंतर्वस्त्र आणि छोटं फडकं असू द्या.

केस कापून आल्यावर थेट खुर्चीत, बाइकवर किंवा अंथरुणावर बसू नका. शक्य असेल तर सलूनला चालत जाऊन चालत या. सलूनमध्ये मानेभोवती कागदी पट्टी घट्ट बांधायला सांगा, शर्ट पँटच्या बाहेर काढून ठेवा. घरी आल्यावर सगळे कपडे, अंतर्वस्त्रासह, बाथरूममध्येच उतरवा आणि धुवायला टाका. डोक्यापासून आंघोळ करा, पाठ चोळून धुवा आणि शेवटी वरीलप्रमाणे घळ धुवा. दर पंधरा दिवसांनी मशीन-कट करणाऱ्यांनी, पोलीस भरतीच्या आणि लष्करी तयारीच्या मुलांनी हे कटाक्षाने पाळावं, कारण त्यांचे तुकडे सर्वांत आखूड आणि टोकदार असतात. लांब केसांच्या मुलींनी केस विंचरून झाल्यावर अंथरूण आणि खुर्ची झटकावी, झोपताना वेणी घालावी.

त्या भागातले केस काढावेत का

ज्यांना हा आजार कधी झालेला नाही, त्यांनी केवळ भीतीपोटी केस काढायची गरज नाही. छिद्रं दिसली आहेत, एकदा गळू झालं आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी काढावेत. मात्र रेझरने नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर रेझर वापरणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, केस न काढणाऱ्यांमध्ये सुमारे २० टक्के. रेझर कातडीला न दिसणाऱ्या चिरा पाडतो, केसाला तिरकं धारदार टोक देतो आणि कापलेला तुकडा तिथेच सोडतो. म्हणजे कॅरिडाकिस यांच्या तीन घटकांपैकी दोन आपण स्वतःच्या हाताने पुरवतो.

घरच्या घरी ट्रिमर सर्वांत सुरक्षित. पट्टा असा धरा: घळीच्या वरच्या टोकापासून कमरेकडे ५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमीटर आणि खाली गुदद्वाराच्या अलीकडे थांबायचं. केस १ ते २ मिलिमीटर राहिले तरी चालतात. आंघोळीच्या आधीच ट्रिम करा म्हणजे तुकडे लगेच वाहून जातील. आंघोळ झाल्यावर ट्रिम करून कपडे चढवले, तर सगळी मेहनत उलटी फिरते. दर १० ते १४ दिवसांनी पुरे. ट्रिमर दाढीचा नको, या कामाला वेगळा ठेवा.

केस काढण्याचं क्रीम वापरायचं असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून २४ तास बघा. खोबणीतली कातडी हातापेक्षा नाजूक असते, म्हणून पाकिटावरच्या कमीत कमी वेळेपुरतंच ठेवा, घड्याळ लावा, ओल्या फडक्याने काढा आणि भरपूर पाणी घाला. वाहणाऱ्या छिद्रावर, जखमेवर आणि गुदद्वाराजवळ क्रीम अजिबात नको. वॅक्सिंग टाळा. ते केस मुळासकट ओढतं, छिद्र उघडं सोडतं आणि नवा केस कातडीत वळून उगवू शकतो.

टिकाऊ उपाय लेझरचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ११ ते २१ वयाच्या सुमारे ३०० रुग्णांमध्ये, नेहमीच्या काळजीला लेझरची जोड दिली तेव्हा वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे १० टक्के राहिलं. नुसत्या नेहमीच्या काळजीत ते सुमारे ३४ टक्के होतं. एवढा फरक असेल तर ज्यांना परवडतं त्यांनी लेझरचा जरूर विचार करावा. साधारण ६ ते ८ बैठका, दर ४ ते ६ आठवड्यांनी. आपल्याकडच्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग किंवा तज्ज्ञाच्या हातचं डायोड यंत्र योग्य. चुकीच्या मापाने कातडी भाजते, डाग राहतात. म्हणून ब्यूटी पार्लरपेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि यंत्र कोणतं हे विचारा. बैठकीआधी ४ आठवडे वॅक्स करू नका, मूळ शिल्लक नसेल तर लेझर मारणार कशावर? पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. आणि डोक्यावरून पडणारा केस लेझर थांबवत नाही, त्यामुळे वर सांगितलेली आंघोळीची शिस्त तरीही लागते.

बसण्याची रीत

अभ्यासिकेत दहा-बारा तास बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, संगणकावर काम करणारे, रिक्षा-ट्रक-ट्रॅक्टर चालवणारे या सर्वांची अडचण एकच असते. पुढे घसरून, पाठीला पोक काढून बसलं की वजन बैठकीच्या दोन हाडांवरून माकडहाडावर जातं आणि नेमकी तीच कातडी दबते, घासते. नितंब खुर्चीच्या पाठीला टेकेपर्यंत मागे घ्या, पावलं जमिनीवर सपाट ठेवा. दर ३०-४० मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहा. मोबाइलवर गजर लावल्याशिवाय हे होत नाही.

उशी घ्यायची तर मागच्या बाजूला कापलेली, इंग्रजी यू आकाराची घ्या. टायरसारखी गोल रिंग अनेक जण आणतात, पण तिच्या मधल्या पोकळीत बैठक लोंबते आणि घळीची कातडी बाजूंना ताणली जाते. रेक्झिनच्या आसनावर सुती टॉवेल टाका आणि तो रोज बदला. लांबच्या बाइक प्रवासात पाऊण तासाने उतरून चाला. गळू दुखत असताना बाइक नकोच.

गळू भरलं तर

दोन-तीन दिवसांत ठणका वाढतो, जागा लाल आणि गरम होते, बसता येत नाही, कधी ताप येतो. आत पू भरला आहे आणि पुवाला वाट करून द्यायलाच हवी. २४ तासांच्या आत सर्जनकडे जा.

तोवर कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं, दिवसातून तीनदा बसा. पाणी कोपर बुडवून पाहा, चटका लागता कामा नये. कुशीवर झोपा. दुखण्यासाठी प्रौढांनी पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तास आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गळू पिळू नका. दाबलेला पू बाहेर येण्याऐवजी चरबीत आडवा पसरतो आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. तापवलेल्या सुईने फोडू नका. आणि गावाकडे अजूनही चालणारा प्रकार म्हणजे बिब्ब्याचा चटका किंवा बिब्ब्याचं तेल. ते कृपया कधीही करू नका. बिब्ब्याने कातडी रासायनिकरीत्या भाजते, फोड येतात, काळे व्रण पडतात आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी लागणारी चांगली कातडीच उरत नाही. गरम पोटिसाने भाजल्याचे प्रकारही होतात.

नुसत्या अँटिबायोटिकवर विसंबू नका. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, औषध आत पुरेसं पोहोचत नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांनी ठणका कमी होतो, गळू अर्धवट बसतं आणि पुन्हा भरतं. भोवती लाली पसरत असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तेव्हा गोळ्या लागतात, पण चीर दिल्यानंतरची जोड म्हणून.

चीर मधल्या रेषेत नाही, तिच्या बाजूला द्यावी, हे सर्जनशी आधीच बोला. घळीच्या तळाशी असलेली जखम भरायला फार त्रास देते. निम्म्याहून जास्त लोकांची जखम पू काढल्यावर भरून येते. त्यातल्या काहींना पुढे पुन्हा त्रास होतो. म्हणून गळू असताना घाईने मोठी शस्त्रक्रिया करून घेऊ नका, सूज उतरू द्या. थंडी वाजून ताप, झपाट्याने पसरणारी लाली, काळवंडलेली कातडी किंवा साखर वाढलेली असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालयात जा.

शस्त्रक्रिया ठरवताना

एकच 'सर्वोत्तम' पद्धत नाही, पण एक नियम जवळजवळ सर्वमान्य आहे: मधल्या रेषेत टाके घालू नयेत. तिथे घातलेल्या टाक्यांची जखम जास्त वेळा उसवते, पिकते आणि आजार उलटतो.

लहान, एक-दोन छिद्रांच्या सायनसला छिद्रं तेवढी टोचून काढणं, फिनॉल हे रसायन आत घालणं, लेझर प्रोब (लेझरची बारीक सळई) किंवा दुर्बिणीने आतली साफसफाई असे छोटे उपाय आहेत. काही दिवसांत कामावर जाता येतं, पण उलटण्याची शक्यता मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. '२० मिनिटांत कायमची सुटका' अशा जाहिरातीत हा दुसरा भाग नसतो. सायनस कापून जखम उघडी ठेवली, तर ती भरायला ६ ते १२ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात आणि तेवढे दिवस ड्रेसिंग. कॅरिडाकिस, क्लेफ्ट लिफ्ट किंवा लिंबर्ग फ्लॅप या शस्त्रक्रियांमध्ये बाजूची कातडी सरकवून घळ उथळ करतात. उलटलेल्या किंवा पसरलेल्या आजाराला हेच योग्य. कॅरिडाकिस आणि क्लेफ्ट लिफ्टमध्ये टाकेही बाजूला जातात. लिंबर्गचं खालचं टोक मधल्या रेषेत येऊ शकतं, ते बाजूला घ्यावं लागतं. आयुर्वेदात हा शल्यज नाडीव्रण मानून क्षारसूत्र वापरतात. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला दोरा वाटेत घालून दर आठवड्याला बदलतात. ते करायचं तर प्रशिक्षित आयुर्वेदिक शल्यतज्ज्ञाकडेच.

सर्जनला विचारा: टाक्यांची रेषा नेमकी कुठे येईल? किती दिवस बसता येणार नाही? ड्रेसिंग कोण करणार? काढलेला भाग तपासणीला पाठवणार का? वर्षानुवर्षं वाहत राहिलेल्या सायनसमध्ये क्वचित कर्करोग होऊ शकतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न गाळू नका. तंबाखू आणि सिगारेट शस्त्रक्रियेच्या किमान ४ आठवडे आधी बंद करा, टाके उसवण्याचं ते मोठं कारण आहे.

उघड्या जखमेचं घरचं ड्रेसिंग

इथे घाई केली की महिने वाया जातात, म्हणून पायऱ्या नीट पाळा.

१. ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी वेदनाशामक घ्या. नॉर्मल सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉझ, हातमोजे, कागदी चिकटपट्टी समोर मांडून ठेवा. हात धुवा.

२. जुनं गॉझ सलाइनने किंवा आंघोळीच्या पाण्याने भिजवून पाच मिनिटं थांबा. कोरडं ओढलं की नव्याने आलेलं मांस त्याच्यासोबत निघतं. आत जितके तुकडे घातले होते तितके बाहेर आले का, मोजा. आत राहिलेला एक तुकडा जखम भरू न देण्यासाठी पुरेसा असतो. शक्यतो एकच लांब पट्टी वापरा आणि तिचं टोक बाहेर ठेवा.

३. हँडशॉवरच्या वाहत्या पाण्याने किंवा सलाइनने जखम धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, सॅव्हलॉन रोज ओतू नका. जंतूंबरोबर नवी पेशीही मरते.

४. बॅटरीच्या उजेडात तळ बघा. डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलसर, बारीक दाणेदार मांस म्हणजे जखम भरते आहे. पिवळट थर, दुर्गंधी, फिकट फुगीर गोळे किंवा हात लागताच रक्त येणं हे दाखवायला जाण्याचं कारण. एखादा केस दिसला तर स्वच्छ चिमट्याने उचला.

५. सलाइनमध्ये भिजवून पिळलेली पट्टी सैल ठेवा. कोंबलेल्या गॉझने कडा दबतात. जखम तळापासून वर भरायला हवी. वरून कातडी जुळली आणि खाली पोकळी राहिली, तर ती पुन्हा पिकणार. अशी झाकलेली पोकळी वाटली तर लगेच सर्जनकडे जा.

६. दर आठवड्याला भोवतालचे केस ट्रिम करा. त्याआधी जखम ओल्या गॉझने झाका, ट्रिम झाल्यावर ते गॉझ टाकून द्या आणि जखम धुवा.

शौचानंतर पाण्याने धुऊन टिपून घ्या. कुंथायला लागू नये म्हणून रात्री १-२ चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्या, वर आणखी पाणी प्या. फ्लॅपची शस्त्रक्रिया झाली असेल तर टाके साधारण १०-१४ दिवसांनी काढतात. दोन आठवडे सरळ टेकून बसू नका, बाइक ४ ते ६ आठवडे नको.

भरून आल्यावर

आजार बहुतांशी पहिल्या काही वर्षांत उलटतो. त्यामुळे जखम भरली तरी ट्रिमर किंवा लेझर, आंघोळीचा क्रम आणि केस कापल्यानंतरची शिस्त तिशी ओलांडेपर्यंत चालू ठेवा. पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा फोटो काढा. व्रणाच्या बाजूला, मधल्या रेषेपासून दूर आलेलं एखादं बारीक केसतोड चार दिवसांत बसलं तर काळजीचं कारण नाही. पण व्रणाच्या खालच्या टोकाला, गुदद्वाराच्या बाजूला, पुन्हा ओलसर ठिपका दिसला किंवा तीन आठवडे उलटूनही अंतर्वस्त्राला डाग लागत राहिला, तर गळू भरण्याची वाट न पाहता सर्जनला दाखवा. त्या टप्प्यावर छिद्रातला केस काढून, भोवतालचे केस साफ करून, दवाखान्यातच बसल्या बैठकीत बरंच काही सावरता येतं.